वेणीपाखरांचं घरटं

घानातल्या कुमासी शहरातली वेणीपाखरं विजेच्या खांबांवर बसतात आणि पार्लरमधून उडालेले गंगावनाचे केस विणून घरटी करतात. ज्या पार्लरच्या पाटीवर घरटं, तिथे बायकांची रांग लागते. माझ्या पाटीवर कधीच नव्हतं. समोरच्या अदोमाच्या पाटीवर मात्र तीन लटकत होती.

"अगं, पाखरालासुद्धा हात ओळखता येतो!" ती रस्त्यापलीकडून ओरडायची.

माझं पित्त खवळायचं. तिच्या वेण्या आठवड्यात सुटतात. मेल्या पाखरांना दिसत नाही का?

आमच्याकडे स्वतःचे केस कुणी उघड्यावर टाकत नाही, जाळून टाकतात; केस ज्याच्या हाती, माणूस त्याच्या हाती, असं म्हणतात. मी माझे मुळापासून कापले आणि पाटीवर पसरले.

सकाळी घरटं तयार. एवढी बारीक वीण माझ्या हातून जन्मात झाली नव्हती. अदोमाचं पडलेलं तोंड पाहून मी पोट धरून हसले, पण घशातून आवाज निघाला नाही.

पहिली बाई आली. मी खुर्ची झटकून दारात उभी राहिले. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. मान वर करून तिने घरट्याला विचारलं, "मावशी, वेळ आहे का?"

वरून माझ्या आवाजात उत्तर आलं, "बस गं, आलेच."