फोटोतली माय

सीता बाळंतपणात गेली आणि वर्षभरात तिचा नवराही गेला. त्यांची पोर सीतेच्या बहिणीने, कमलाने, सावली गावात आपल्या घरी वाढवली. रोज दिवेलागणीला ती पोरीला सीतेच्या फोटोपुढे बसवायची. मार्कंड्याच्या जत्रेत काढलेला तो एकच फोटो होता. "थे तुही माय. मी मावशी," कमला सांगायची. मेलेल्या बहिणीची जागा आपण घेऊ नये, एवढंच तिच्या मनात.

पोरीच्या बापाचे थोरले भाऊ बापूराव अधूनमधून यायचे. फोटोपुढे बसलेली पोर पाहून म्हणायचे, "बरं करून राह्यली बाई तू. पोरीले माय इसरू देऊ नको."

पोर सहा वर्षांची झाली आणि याच बापूरावांनी पालक म्हणून चंद्रपूरच्या कोर्टात अर्ज लावला. त्यांना तिला आपल्या निपुत्रिक साळ्याला दत्तक द्यायचं होतं.

"पोर मले द्या, साहेब," कमला जज्जांना म्हणाली. "मीच तिची माय हाव."

बापूरावांनी हात जोडले. "साहेब, पोरीलेच इचारा ना, तिची माय कोन हाय."

साहेबांनी विचारलं. पोर पाठ केल्यासारखी म्हणाली, "माय फोटोत हाय. हे तं मावशी हाय."

मुलीला आई मिळायला हवी, असं म्हणून साहेबांनी अर्ज मंजूर केला.

कोर्टाबाहेर साळ्याच्या बायकोने तिला कडेवर घेतलं. जाता जाता पोर मागे वळून कमलाकडे बघत हसली.



"मावशी, बरोबर सांगतलं ना मी?"