आप्पांची तपासणी

आप्पांनी बेल दाबली आणि मनगटावरच्या घड्याळाला डोळे लावले. पायातले मोजे नीट ओढून ते पलंगावर असे आडवे झाले होते, जणू गेला आठवडाभर इथेच मुक्कामाला आहेत. जागा दाखवायला आलेला व्यवस्थापक दारात अवघडला होता. सून पायथ्याशी उभी होती.

नर्स धावत आली.

"वीस सेकंद," आप्पा म्हणाले. "काही नको, बाई. जा तू."

लिफ्टमध्ये त्यांनी निकाल दिला. "नापास."

आप्पांनी चौतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात माल तपासला होता. त्यांच्या हाताखालून एकही खराब नग बाहेर गेला नाही, असं त्यांचे जुने सोबती अजून सांगत, जरा वैतागूनच. डॉक्टरांनी जेव्हा स्पष्ट सांगितलं की आता उपचार थांबवू, फक्त दुखू द्यायचं नाही, हातात दोन-तीन महिने आहेत, तेव्हा आप्पांनी मान हलवली. शेवटच्या दिवसांची काळजी घेणाऱ्या तीन केंद्रांचे पत्ते मिळवले आणि जाहीर केलं, "न बघता माल घ्यायचा नाही."

सुनेला त्यांना कुठेच न्यायचं नव्हतं. नवरा जहाजावर, यायला अजून पाच महिने. घरात ही दोघंच. अंघोळीपासून औषधांच्या वेळांपर्यंत आठ महिने तिनं एकटीनं सगळं निभावलं होतं. आता ऐन शेवटी सासऱ्याला कुठेतरी सोडून आली, असं लोक म्हणोत न म्हणोत, तिचं तिलाच ते आयुष्यभर खात राहिलं असतं. त्यामुळे 'नापास' ऐकलं की तिला आतून हायसं वाटे. वरवर मात्र ती भांडे.

"काय वाईट होतं हो? फरशीत तोंड दिसत होतं!"

"माझं तोंड मी पंच्याहत्तर वर्षं बघतोय. आता काय नवीन दिसणार?"

दुसऱ्या ठिकाणी बाग होती आणि काचेच्या टाकीत मासे होते. तिथल्या डॉक्टरीणबाई आप्पांचा हात हातात घेऊन तब्बल अर्धा तास बोलल्या. भूक लागते का? दुखतं कुठे? भीती वाटते का? उत्तरं सगळी सुनेनं दिली, उभ्या उभ्या, एका खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत. दुखण्याचं औषध रात्री कोण देतं, किती वेळात देतं, हेही तिनंच विचारून घेतलं. उत्तरं चोख होती. बेलला चाळीस सेकंद लागले.

"नापास," आप्पा फाटकाबाहेर म्हणाले.

"आता ह्यांनी काय कमी केलं? पायघड्या घालायच्या राहिल्या का?"

"आहे एक उणं," म्हणून आप्पा रिक्षात बसले.

तिसरं ठिकाण बघून सुनेचा जीव भांड्यात पडला. जुनी बसकी इमारत, कुरकुरणारं दार, ठिबकणारा नळ. हे काही पास व्हायचं नाही. तासाभरात घरी. खोलीत खिडकीपाशी एक आरामखुर्ची होती. आप्पांचे मोजे ओढून होईपर्यंत टेकू या, म्हणून ती बसली.

डोळे उघडले तेव्हा खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवरून पार निघून गेलं होतं. तिच्या मानेखाली उशी होती. पाय स्टुलावर होते. पडदा ओढलेला. पलंगावर आप्पा बशीतून चहा पीत होते आणि त्यांच्या मांडीवर भरलेला, सही केलेला अर्ज होता.

ती ताडकन उठली. "आप्पा! चारची गोळी!"

"घेतली. सिस्टरनं दिली, तुझ्या पिशवीतली चिठ्ठी वाचून. ठोक्याला चार."

"आणि ही सही कसली? मला उठवायचं नाही का?"

"बेल दाबली होती ना मी. चार मिनिटं दहा सेकंद लागले. सिस्टर आली, चांगली आडव्या अंगाची, चष्मा कपाळावर. माझ्याकडे ढुंकून बघेना. आधी तुला उशी दिली, तुझे पाय उचलून वर ठेवले. मी म्हटलं, अहो, पेशंट मी आहे! तर मलाच दटावलं. म्हणे, आजोबा, हळू बोला, ही पोर कधीची झोपली नाही?"

सून शरमेनं लाल झाली, आणि मग तिला रागच आला. "म्हणजे पेशंट सोडून भलतीकडेच लक्ष! चार मिनिटं म्हणजे काय थट्टा आहे? नळ गळतोय, दार बोंबलतंय. नापास करा आणि चला घरी."

"पास," आप्पा म्हणाले. "अर्जात फोन नंबरसुद्धा तुझाच घेतलाय तिनं. म्हणाली, आजोबा, तुम्ही गेल्यावर वर्षभर हा नंबर लागेल. दर आठवड्याला फोन करतात. उचलला नाहीस तर घरी येऊन दार वाजवतात. मी म्हटलं, जोरात वाजवा, ती पटकन उघडत नाही."

सुनेच्या हातातली पिशवी खाली गेली. "अहो, पण तुमचं काय? तुम्हाला इथे नीट बघतील का, हे नको तपासायला?"

आप्पांनी बशी बाजूला ठेवली आणि पलंगाच्या कडेवर हात आपटून तिला शेजारी बसवलं.

"मला सांभाळायला तिघंही तयार होते गं. मी तुला ठेवायला जागा शोधत होतो."