नांदवेळच्या बातम्या

सकाळचे दहा वाजले तसा वच्छलानं मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

"लागली का तुही समुद्राची आकाशवाणी?" रुपराव बशीत चहा ओतत म्हणाला. "इथं नागपुरात नळाले धार नाही, कूलर कोरडा चालून राहिला, अन् ही कोकणातलं पाणी पाहून राहिली."

वच्छलानं मोबाईलचा आवाज वाढवला. मांडीवरचं दुपटं तिनं बाजूला सारलं. जुन्या सुती लुगड्याचं होतं. लुगडं रुपरावनंच विणलेलं, घरात माग होता तेव्हा. धुऊन धुऊन पार मऊ पडलेलं. दुपट्याची एक बाजू शिवायची राहिली होती.

आठवडाभर नांदवेळ नगरपरिषदेच्या बातम्या कोणी चष्मेवाला पोरगा सांगत होता. भरती, नळ, मच्छी मार्केट, सगळं एका दमात. वच्छला त्याला पाहायची अन् बंद करायची.

आज उन्नती होती.

"अवो, आली!"

"मंग मी काय करू," रुपराव म्हणाला. पण बशी खाली ठेवली.

उन्नती त्यांची एकुलती एक पोरगी. नांदवेळच्या पोराशी लग्न करून गेली, तेव्हा रुपरावनं घरातल्या दोन्ही फोनमधून तिचा नंबर स्वतःच्या हातानं पुसला. वच्छलाला पाठ नव्हता. आता पोरगी तिकडं नगरपरिषदेत कामाला होती, रोज सकाळी गावाला दोन मिनिटांच्या बातम्या सांगायची. शेजारच्या पायलनं मोबाईलवर नगरपरिषदेचं पेज लावून दिलं, त्या दिवशी रुपराव एवढंच बोलला होता, "पाहाचं तर पाह्य. एक अक्षर लिहाचं नाही."

वच्छला पाहायची. बातम्या कुठल्या, पोरगीच पाहायची. होळीच्या आधी उन्नती ओढणी समोरून घ्यायला लागली, तेव्हाच तिनं ओळखलं. मग ती टेबलामागं बसून बोलायला लागली. मग बोलता बोलता डावा हात पोटावर राहायला लागला. जेट्टी दुरुस्तीसाठी बंद आहे, हे नांदवेळला कळलं त्याच दिवशी आपण आजी होणार, हे वच्छलाला पक्कं कळलं.

"सातवा लागला असन," ती मागच्या महिन्यात म्हणाली होती. "पह्यलं बाळंतपण माहेरी करतेत."

रुपरावनं पेपर वर धरला होता. पण दुसऱ्या दिवशी पाळण्याच्या कडीला तेल दिसलं. छतातली कडी, उन्नतीच्या वेळची. तेल कोणी घातलं, हे कोणी विचारलं नाही.

आज टेबल नव्हतं.

उन्नती उभी होती. ओढणी मागं टाकलेली. ड्रेस अंगावर ढिला.

"नमस्कार नांदवेळकर. उद्या प्रभाग चार आणि पाचमध्ये पाणी येणार नाही. नागरिकांनी पाणी भरून ठेवावं. समुद्र खवळलेला राहील, मच्छीमार बांधवांनी होड्या समुद्रात नेऊ नयेत."

आवाज साफ होता. कुठं अडकला नाही. बोलता बोलता डावा हात सवयीनं पोटावर गेला. तिथं थांबला. मग चटका लागल्यासारखा खाली आला, अन् तिनं कागद दोन्ही हातांनी धरला.

वच्छलानं व्हिडिओ मागं नेला. हात पुन्हा पोटावर गेला. पुन्हा खाली आला.

"बाळंत झाली का वं?" रुपरावनं विचारलं. "एवढ्या लवकर?"

"बाळंतीण आठ दिवसांत कामावर येते काय?"

चहावर साय धरली.

"कोणी असन ना तिच्याजवळ. सासू गिसू."

"मले काय मालूम? नंबर तं तुमी पुसला."

रुपरावनं हात लुंगीला पुसले. मोबाईल उचलला, तिच्यासमोर धरला. "लिही काहीतरी."

"मले मनाई हाय. तुमीच लिहा."

तो खाली बसला. एका बोटानं लिहायला लागला. आधी 'पोरी' लिहिलं, खोडलं. 'बाबा बोलून राहिलो' लिहिलं, तेही खोडलं. वर कमेंटमध्ये नांदवेळच्या लोकांचं चालूच होतं. कोणाची गटार तुंबलेली, कोणाच्या गल्लीत कुत्री. एकानं तर मॅडम इतके दिवस कुठं सुट्टीवर होत्या म्हणून हसायचे चेहरे टाकले होते. रुपराव ते वाचत राहिला. मग त्याच्याच खाली लिहिलं, 'मॅडम, तब्येतीले जपा. आराम करा.'

पाठवलं.

लगेच उत्तर आलं. मोबाईल वाजला तशी वच्छला सरकून जवळ आली.

"काय म्हणते वो? तिनंच लिहिलं का?"

रुपरावनं चष्मा लावला. शाळेतल्या पोरासारखा एकेक शब्द वाचला. "नमस्कार. आपली तक्रार मिळाली आहे. कृपया आपला प्रभाग क्रमांक कळवावा."

वच्छलानं पुन्हा वाचायला लावलं. त्यानं वाचलं. तेच होतं.

"वार्ड विचारून राहिले," तो म्हणाला. बोट अजून तिथंच होतं, अक्षरांवर. "कोणता सांगू वं?"