प्रवासी एक

वैजयंताने दारातला दांडा धरला. सिटी बसने तिची नाडी ओळखली, तिकीट कापलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “प्रवासी एक.”

गेले दोन महिने ती चढली की बस म्हणायची, “प्रवासी दोन, तिकीट एक. जागा द्या.” मग लोक हसत सरकायचे. आज कोणी हललं नाही.

तिने तळहात पदराला पुसला आणि दांडा पुन्हा घट्ट धरला.

“प्रवासी एक.”

सकाळपासून पोटात हालचाल नव्हती. म्हणूनच तर ती दवाखान्याला निघाली होती.

“मामा, मशीन बिघडलंय का हो?” तिने ड्रायव्हरला विचारलं.

ड्रायव्हर काही बोलायच्या आत तिच्या मागून तान्हं पोर कडेवर घेतलेली एक बाई चढली. तिने दांडा धरला.

“प्रवासी दोन, तिकीट एक. जागा द्या.”

पुढच्या बाकावरचे सगळेच उठले. त्या बाईने वैजयंताच्या पोटाकडे पाहिलं आणि तिला हाताला धरून बसवलं. ड्रायव्हरने दार लावलं आणि गाडी थेट दवाखान्याकडे दामटली.

मंडईचा थांबा मागे पडला. तिथे उतरणारे दहा-बारा जण होते. घंटा कोणीच वाजवली नाही.