दोन शर्टांचा इलाज

गवंड्याला मोतीबिंदू झाला, ओळंबा दिसेना, काम सुटायची वेळ आली. मोफत ऑपरेशनसाठी तो ठेवणीतला शर्ट घालून दवाखान्यात गेला, तर गरिबांच्या खिडकीवरचा कारकून खेकसला, "एवढ्या कडक इस्त्रीत आलायस, गरीब कसला तू?"

दुसऱ्या दिवशी त्यानं फाटका शर्ट घातला, तर वॉचमननं गेटवरच हाकललं, "ए, भीक बाहेर मागायची!"

बायको म्हणाली, "अहो, चांगला घालून आत शिरा, फाटका पिशवीत न्या. संडासात बदला अन् मग खिडकीवर जा."

तिसऱ्या दिवशी वॉचमननं चक्क सलाम ठोकला. गवंडी गालातल्या गालात हसत संडासापाशी पोचला.



दारापुढं वीस जणांची रांग होती. सगळे कडक इस्त्रीत, आणि प्रत्येकाच्या हातात एक पिशवी.