एकुलता एक चाहता

अंतराळयानातून उल्का फोडत सुटायचं, असा जुन्या वळणाचा व्हिडिओ गेम त्याने तीन वर्षं खपून एकट्याने बनवला. पहिल्याच आठवड्यात लोकांनी त्याचे वाभाडे काढले. "यापेक्षा भिंतीकडे बघत बसणं बरं," असं एकाने लिहिलं आणि ते नऊशे जणांना पटलं.

एक खातं मात्र रोज सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत न चुकता खेळायचं. त्या खात्याच्या भरवशावर त्याने नोकरी सोडली आणि दुसरा भाग करायला घेतला.

"अरे, एका माणसासाठी कोणी नोकरी सोडतं का?" बायको म्हणाली.

"एकाला तरी कळलं ना, बास!"

शेवटी न राहवून त्याने त्या चाहत्याला विचारलं, "तुम्हाला यात एवढं काय आवडलं?"

उत्तर लगेच आलं. "आमचं व्यसनमुक्ती केंद्र आहे. ज्यांचं गेमचं वेड काही केल्या सुटत नाही, त्यांना आम्ही आळीपाळीने तुमच्या गेमसमोर बसवतो. आठ दिवसांत माणूस गेमचं नाव काढत नाही."



पाठोपाठ केंद्राचाच आणखी एक संदेश आला. "दुसरा भाग येतोय म्हणे. हात जोडून विनंती, त्यात काही सुधारणा करू नका."