पाठमोरी खुर्ची

जिल्ह्याच्या फायनलला दोन्ही पोरी आमच्याच तालमीच्या आल्या: मी आणि वस्तादांची लेक, प्रणोती. अशा वेळी वस्ताद कुणाच्याच कोपऱ्यात बसत नाहीत, ही आमच्या तालमीची रीत. त्यांनी मॅटकडे पाठ करून खुर्ची मांडली आणि अख्खा हॉल त्यांची वाहवा करत राहिला.

पंधरा दिवसांपूर्वी सरावात माझा उजवा खांदा निखळला होता. तालमीत तेव्हा मी आणि वस्ताद दोघंच होतो. वस्तादांनी स्वतःच्या हातानं तो बसवला आणि बजावलं, "कुणी विचारलं तर काही झालेलं नाही म्हणायचं. माझ्या पोरीलासुद्धा कळता कामा नये. दुखरी जागा कळली की समोरची तिथंच हात घालते."

मी आईलाही सांगितलं नाही.

शिट्टी झाली. प्रणोती नेहमी पायांना झोंबते. सहा वर्षं रोज लढतेय मी तिच्याशी. आज तिनं पायांकडे बघितलंच नाही. सरळ माझा उजवा हात धरला आणि खांद्यातून पिळला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाठ मॅटला लागली.

उठताना ती माझ्याकडे नाही, त्या खुर्चीकडे बघत होती.

राज्य स्पर्धेसाठी तिचं नाव पुकारून झालं, तसे वस्ताद तेलाची बाटली घेऊन माझ्याकडे आले. सगळ्यांसमोर, अगदी मायेनं म्हणाले, "दाखव बघू खांदा."

"कुठला खांदा, वस्ताद?" मी म्हटलं. "मला तर काही झालेलं नाही."